फोन घेणाऱ्याचाही पगार अडकला होता

"यूएससीआयएस चालू आहे, मग माझं एच-१बी का अडलं?" २०२५च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामं थांबली तेव्हा, अमेरिकेतल्या एका मराठी मुलाने विचारलेला हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. एच-१बी म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा.

यूएससीआयएस, म्हणजे असे अर्ज तपासणारं सरकारी खातं, मुख्यतः अर्जांच्या फीवर चालतं, म्हणून उघडं होतं. पण नोकरी बदलताना आधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा मालकाचा अर्ज) मंजूर लागतो, आणि शटडाऊनमुळे १ ऑक्टोबर २०२५पासून ते कामच बंद पडलं होतं.

तरीही अशा वेळी आपल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याच्या मतदारसंघातल्या ऑफिसला फोन करा. मतदानाचा हक्क नसला तरी तिथले रहिवासी म्हणून मदत मागता येते. प्रायव्हसी रिलीज फॉर्म (तुमची माहिती त्यांना द्यायची संमती) सहीसकट द्या; त्याशिवाय खातं तुमच्या फाइलबद्दल त्यांच्याशी बोलत नाही. एलसीए तेही काढून देऊ शकत नाहीत, पण खातं उघडताच चौकशी जाते.

त्या शटडाऊनमध्ये फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार निधीअभावी थांबला, सदस्याचा मात्र चालूच होता. हे कुणाला पटतं?