काल काय खाल्लंस?

मंगळवार, रात्री

आज उपाशीपोटीची शुगर १४८ आली. रोजच्यासारखी घरच्या ग्रुपवर टाकली आणि लगेच मुक्ताचा मेसेज, "आई, काल काय खाल्लंस?"

एवढंच. पण दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

काल रात्री एक भाकरी, दुधीची भाजी आणि वाटीभर ताक घेतलं होतं. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. तरी मेसेज वाचल्याबरोबर मी कालचा अख्खा दिवस उलगडायला बसले. शेजारच्या वहिनींनी नारळाची वडी आणली होती, ती मी घेतली का? नाही, ह्यांना दिली. चहात साखर पडली का? नाही. म्हणजे मुक्ताने झडती घ्यायच्या आधी माझी मीच घेऊन मोकळी झाले. लागलं ते हे.

बीपी वाढलं तर लोक विचारतात, ताण आला का, झोप झाली नाही का. शुगर वाढली की बोट थेट तोंडाकडे. जणू दुसरं कारणच असू शकत नाही. टेकडीवर भेटणाऱ्या बायकांचं हेच, नणंदेचं हेच. त्यांचं मी सोडून देते. मुक्ताचं सोडता येत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रात्री तीनचा गजर लावून एकदा तपासली होती. तीनला कमी निघाली तर रात्रीच्या गोळीचा विचार करावा लागतो, म्हणाले. तेव्हा तीनला १२१ होती आणि सहाला १४६. मधल्या तीन तासांत मी झोपलेली होते. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल वगैरे हॉर्मोन वाढतात आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाचं इन्सुलिन ती सांभाळून घेतं, माझं पुरं पडत नाही. न खाता वाढलेली साखर ती हीच. आणि घरच्या मशीनचा आकडा तरी कुठे काट्यावर तोललेला असतो? २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही शंभराच्या वरच्या आकड्याला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. माझी १४८ प्रयोगशाळेत १३० निघेल किंवा १७० सुद्धा. एका सकाळच्या आकड्यावरून कुणाला काय विचारायचं? तीन महिन्यांची सरासरी बघा, नाहीतर आठवड्याचा कल बघा.

हे सगळं मुक्ताला माहीत आहे. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तिने असं का विचारावं?

दुपारी आबा आठवले. नारायण पेठेतल्या वाड्यात न्हाणीशेजारच्या कोनाड्यात स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या औषधाची बाटली असायची. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. निळं राहिलं की आई देवाला हात जोडायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं! त्या निळ्या दिवसांत आबांची किती असेल, दीडशे की पावणेदोनशे, आता कोण सांगणार. पुढे त्यांच्या पायाचं जे झालं ते झालं. मुक्ता तेव्हा सातवीत होती. ड्रेसिंग बदलताना दाराशी उभी राहायची, आत यायची नाही.

हे लिहिताना हात जरा थांबला.

अमेरिकेतल्या रिचर्ड बर्नस्टीन यांच्याबद्दल मागे वाचलं होतं. बाराव्या वर्षापासून मधुमेह, व्यवसायाने इंजिनिअर. १९६९ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या मशीनची जाहिरात पाहिली, पण ते फक्त डॉक्टरांना विकत मिळायचं. त्यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर मागवलं आणि घरीच दिवसातून अनेक वेळा मोजायला लागले. त्यांचं म्हणणं कुणी ऐकेना, तेव्हा पुढे स्वतः डॉक्टर झाले. ज्याचं रक्त त्याला आकडा कळावा म्हणून त्या माणसाने एवढं केलं. हे मला फार मोठं वाटतं. माझा आकडा आधी माझा आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी पाहिली आणि भगर खाऊन पाहिली, तेव्हा काय चालतं ते मला कळलं. भात खाऊन वीस मिनिटं चाललं तर किती फरक पडतो तेही कळलं. हे कुणी सांगून पटलं नसतं. बोटाच्या कडेला टोचलेलं रोज थोडं दुखतं, पण त्यातून एवढं मिळतं.

म्हणून ग्रुपवर टाकणं बंद करावं असं सकाळी वाटलं होतं. आता नाही वाटत. तिला विचारायचं असतं ते वेगळंच असतं, तोंडातून येतं मात्र खाण्याचं. मी तरी आबांना काय विचारायचे? हेच. आणि ते पेपर वर धरून बसायचे.

रविवारी मुक्ता येतेय. हापूसची पेटी आलीच आहे, आमरस करणार आहे. मी लहान वाटीभर घेईन, पोळ्या कमी करीन. बसायच्या आधी एकदा मोजायची आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत. आंबे पिळल्यावर हात साबणाने नीट धुवायचे, नाहीतर बोटावरचा रसच मशीन मोजून दाखवतं. दोन्ही वेळा पट्टी तिलाच लावायला सांगणार आहे.