वाचनालयाचा मॅस्टोडॉन सर्व्हर: फोंड्यातील माझा अनुभव

फोंड्यातील आमच्या वाचनालयासाठी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमाचा स्वतंत्र सर्व्हर उभारताना तांत्रिक कामापेक्षा अधिक काळ कार्यकारिणीचा ठराव मंजूर करून घेण्यात गेला, आणि तो काळ सत्कारणी लागला असे माझे ठाम मत आहे.

मॅस्टोडॉन हे २०१६ पासून उपलब्ध असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलमुळे, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी संवाद साधण्याच्या ठरलेल्या पद्धतीमुळे, जिला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली, एका सर्व्हरवरील वाचक दुसऱ्या सर्व्हरवरील खाते फॉलो करू शकतो. परंतु चालवणाऱ्याने सर्व्हर बंद करायचे ठरवले, तर तो बंद होण्यापूर्वीच खाते आणि फॉलोअर दुसरीकडे नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र नेता येत नाहीत. जत्रांतील नाटकांच्या नोंदी लोकांपुढे ठेवू पाहणाऱ्या आमच्या संस्थेला हे परवडणारे नव्हते.

सभेत खजिनदारबाईंनी थेट विचारले, "उद्या तुम्ही नोकरीसाठी बेंगळुरूला गेलात, तर पासवर्ड कोणाकडे?" मी त्यांना युरोपचे उदाहरण दिले. तेथील डेटा संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या संस्थांसाठी 'ईयू व्हॉइस' हा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. पुढे त्याची जबाबदारी घेणारी दुसरी संस्था न मिळाल्यामुळे मे २०२४ मध्ये तो बंद झाला. सरकारी पाठबळालाही कायमचा वाली लागतो, हे सभासदांना तेव्हा पटले.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी प्रवेश करू शकणारी दुसरी व्यक्ती, मजकुरावर सक्रिय देखरेख आणि बंद करण्यापूर्वी ३ महिन्यांची पूर्वसूचना, अशी हमी द्यावी लागते. याच अटी आम्ही ठरावात घातल्या. सर्व्हरचा इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे डोमेन, खात्याच्या नावाचाच भाग असल्याने तो नंतर बदलणे जवळपास अशक्य असते. म्हणून डोमेन माझ्या नव्हे, तर संस्थेच्या नावावर घेतले आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख खजिनदारबाईंच्या वहीत वीजबिलाखाली नोंदवली. पावसाळ्यात वीज जात असल्याने सर्व्हर भाड्याचाच घेतला. इतर सर्व्हरवरून येणारी छायाचित्रे डिस्क भरून टाकतात, त्यामुळे साठवणुकीसाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी तरतूद मागितली, आणि ती मिळाली.

पोस्टबद्दल आलेल्या तक्रारी सध्या दोन सभासद विनामोबदला तपासतात. त्यांना मानधन देण्याचा विषय मी पुढील सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे.