आमची वाटचाल: सिमेंटच्या बाटलीपासून टेपच्या जोडापर्यंत

तुटलेली फिल्म जोडणं, आमच्या धंद्याचं मूळ एवढंच. कार्बनच्या कांड्या, रिवाइंडरचे बेल्ट, एक्सायटर दिवे हेही विकलं. पण औरंगाबाद-जालन्यापासून बीड, परभणी, नांदेडपर्यंतचे टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर ज्यासाठी न चुकता दुकानाची पायरी चढायचे ते जोड मारायचं सामान. हिंदी सिनेमाच्या व्यापारात मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या भागात, धरला जायचा. मोठ्या शहरांत चालून दमलेली प्रिंट उशिरा तालुक्याला पोचायची आणि तिथून एखादी माळेगावच्या यात्रेतल्या तंबूत जायची. तोवर तिच्यावर ठिगळाला ठिगळ लागलेलं असायचं. अशा प्रिंटला पुढचा जोड कशाने मारायचा, हा प्रश्न आमच्याकडे रोज यायचा. उत्तर मात्र काळागणिक बदलत गेलं.

सुरुवातीला एकच उत्तर होतं: सिमेंट. नाव सिमेंट असलं तरी तो गोंद नव्हे. तो द्रव अ‍ॅसिटेटचा पाया (त्या काळच्या फिल्मचं मूळ प्लास्टिक) विरघळवतो आणि दोन टोकं एकमेकांत मुरवून एक करतो. म्हणून एका टोकावरचा इमल्शनचा, म्हणजे चित्र ज्यात असतं तो, थर खरवडून पाया उघडा करावा लागतो. खरवडणं कमी झालं तर जोड दुसऱ्या-तिसऱ्या खेळाला सोलून निघतो, जास्त झालं तर पायाच पातळ होऊन जोडाच्या शेजारीच तुटतो. ब्रशचा एकच हात फिरवायचा, दोन-तीन सेकंदांत टोकं मिटवायची, १५-२० सेकंद दाबून धरायचं, बाहेर आलेलं पुसून टाकायचं. पावसाळ्यात जोड पांढरट पडतो, कारण द्रव उडताना हवेतला ओलावा त्यात शिरतो. उन्हाळ्यात उलट होतं. बूच उघडं ठेवलेली बाटली दिवसभरात घट्ट होते, आणि घट्ट झालेलं सिमेंट चिकटल्यासारखं दिसतं पण मुरत नाही. त्यामुळे मोठी बाटली घेऊ नका, असं आम्ही गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगायचो. छोट्या बाटलीत रोजच्यापुरतं काढायचं, राहिलेलं संध्याकाळी ओतून द्यायचं. एकावर एक टोक चढवावं लागत असल्याने दर जोडाला निदान एक फ्रेम जाते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २४ तुटींत सिनेमाचा एक सेकंद गेला. एखाद्या गाण्याचा शेवटचा ठेका कुठल्याच टॉकीजमध्ये ऐकू यायचा नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

टेप आला तो आधी चुकीचा आला. स्टेशनरीच्या दुकानातला सेलोटेप. स्वस्त, हाताशी, आणि बघताना जोड छान दिसतो. पण बिघाड सुरू होतो उन्हाळ्यात. वैशाखात बाहेर ४२-४३ अंश, केबिनमध्ये त्यावर दिव्याची आणि रेक्टिफायरची भर. साध्या टेपचा गोंद या उष्णतेत मऊ होऊन कडेने बाहेर येतो. रिळात गुंडाळलेल्या फिल्मचा वरचा वेढा त्याला चिकटतो, आणि पुढच्या खेळाला सुटताना तिथल्या इमल्शनचा तुकडा उपटून नेतो. उरलेला गोंद गेटच्या, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेच्या, रनरवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि मग सगळ्या प्रिंटवर उभी रेघ. शिवाय साधा टेप ताणला जातो. दोन टोकांमध्ये केसाएवढी फट पडली की पडद्यावर पांढरा पट्टा चमकतो आणि आवाजात ‘टप्’ असा ठोका येतो. या कारणाने आम्ही सेलोटेप जोडासाठी विकायचंच बंद केलं. काही गिऱ्हाइकं त्यामुळे शेजारच्या दुकानात गेली. त्याला इलाज नव्हता.

फिल्म जोडायचा टेप निवडताना बघायच्या गोष्टी तीनच, पण प्रत्येक नीट बघायची. पाया पॉलिस्टरचा हवा, म्हणजे तो ताणत नाही. गोंद पातळ आणि घट्ट बसणारा हवा. टेपची कड रिळावरच बोटाला चिकट लागली, तर तो टेप घेऊ नका, मग भाव काही असो. आणि टेप अगदी पारदर्शक हवा, कारण तो चित्रावरच बसतो. थोडा पिवळट टेप हातात कळत नाही, पण मोठ्या पडद्यावर प्रत्येक जोडाला चित्राचा रंग किंचित बदलतो. हिशेब सांगायचा तर २० मीटरच्या रिळात, वर-खाली दोन्ही बाजूंनी लावून आणि वाया जाणारं धरून, एका जोडाला साधारण १० सेंटिमीटर लागतात. म्हणजे दोनशेच्या आसपास जोड. यात्रेचा महिना असेल तर दोन रिळं जवळ ठेवा, एरवी एक पुरतं. ठेवायचं कुठे? केबिनमधल्या रॅकवर नको. सावलीत, बंद डब्यात, आडवं. उभं ठेवलं तर उष्णतेत रिळाचा आकार बिघडतो.

आता स्प्लायसर, म्हणजे जोड मारायचं यंत्र. आमच्या भागात चाललेले दोन प्रकार. पहिला साधा ठोकळा: त्यावर दात, आणि त्याला छिद्रं आधीच पाडलेला टेप. दुसरा गिलोटिन पद्धतीचा, बिनछिद्राचा टेप लावून दाबला की कडा कापणारा आणि छिद्रंही पाडणारा. ही दुसरी पद्धत लिओ कातोझ्झो या इटालियन संकलकाने शोधली, आणि ‘सीआयआर’ नावाने ती जगभर गेली. यंत्र संपादनाच्या टेबलासाठी होतं, पण आमच्याकडे ते केबिनमध्येच जास्त रुळलं.

गिलोटिनवर जोड कसा होतो ते जवळून सांगतो, कारण नव्वद टक्के तक्रारी यातल्याच कुठल्या तरी पायरीच्या असतात. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फ्रेमला बाजूला चार छिद्रं, आणि दोन फ्रेममधली रेघ दोन छिद्रांच्या बरोबर मध्ये येते. फिल्म दातांवर बसवा, रेघ पात्याच्या खाली आणा, सरळ पात्याने कापा. तिरकं पातं असतं, ते चुंबकीय आवाजाच्या पट्टीसाठी. चित्राच्या फिल्मला ते वापरू नका. दुसरं टोक तसंच कापा. मग दोन्ही टोकं दातांवर एकमेकांना भिडवा. इमल्शन दोन्हींचं एकाच बाजूला आहे ना, हे ओठ लावून बघा. इमल्शनची बाजू ओठाला किंचित चिकटते, पाठ चिकटत नाही. छिद्रं मोजा. एक छिद्र इकडे-तिकडे झालं तर त्या जोडापासून पुढचं सगळं चित्र पाव फ्रेम वर किंवा खाली सरकतं, आणि ऑपरेटरने फ्रेमिंगची मूठ फिरवेपर्यंत पडद्यावर हिरोचं डोकं खाली आणि पाय वर. टेप ओढा, सुरकुती नको, दांडा एका दमात खाली दाबा. अर्धा दाबून परत दाबला तर टेपची कड दुहेरी कापली जाते आणि तिथे मिशीसारखा धागा राहतो. हा धागा गेटमध्ये अडकतो. फिल्म उलटी करा, दुसऱ्या बाजूला तसंच. एका बाजूचा जोड पुरेसा नसतो, कारण गेटच्या उष्णतेत फिल्म वळते आणि एकतर्फी टेप बिजागरीसारखा उघडतो. शेवटी मऊ कापडाने घासून हवेचे बुडबुडे काढा, आणि दिव्यासमोर धरून प्रत्येक छिद्र बघा.

छिद्रात टेपचं झाकण राहिलेलं दिसलं तर छिद्रं पाडणारा पंच बोथट झालाय, किंवा त्याच्यावर गोंद साचलाय. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण हाताला जोड पक्का लागतो, पण मशीनमध्ये फिल्म ओढणाऱ्या स्प्रॉकेट चाकाचा दात त्या झाकणावर चढतो, फिल्म उचलली जाते, आणि इंटरमिटंटला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला पाव वळसा घेणाऱ्या त्या सोळा दातांच्या चाकाला, धरायला छिद्रच सापडत नाही. लूप, म्हणजे गेटच्या वर-खाली सोडलेलं फिल्मचं सैल वळण, जातो, चित्र उड्या मारतं, कधी चार-सहा छिद्रं फाटतात. इलाज सोपा आहे: कानाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब घेऊन पंचाची टोकं पुसा, ब्लेडने खरवडू नका. छिद्रातून पडलेल्या टेपच्या टिकल्या तळाशी साचतात, त्या रोज झटकून टाका. चिकट टिकली रिळात गेली की पुढच्या वेढ्यावर ओरखडा पक्का. एवढं करूनही झाकण राहत असेल तर पंच बदलायची वेळ आली.

आधी छिद्रं पाडलेल्या टेपला हा त्रास नाही. पंचच नसल्याने बोथट काय होणार? तो महाग पडतो आणि हात सावकाश लागतो, पण ज्या टॉकीजला स्प्लायसर दुरुस्तीला पाठवायचं म्हणजे एसटीने दिवस मोडतो, तिथे आम्ही तोच सुचवायचो. एक अडचण जुन्या प्रिंटची. छिद्रांमधलं अंतर नव्या फिल्मवर सुमारे ४.७५ मिलिमीटर असतं, पण जुनं अ‍ॅसिटेट आकसतं. एक टक्का आकसलं तर आठ छिद्रांच्या लांबीत ०.३८ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि टेपची छिद्रं फिल्मच्या छिद्रांवर बसत नाहीत. अशा वेळी टेप छोटा कापून लावायचा, म्हणजे फरक कमी साचतो.

नव्वदच्या दशकात प्रिंट पॉलिस्टरच्या येऊ लागल्या आणि अर्ध्या सवयी मोडाव्या लागल्या. पॉलिस्टरला सिमेंट लागतच नाही. ते विरघळत नाही. ओळखायचं कसं? रीळ आडवं उजेडात धरा: पॉलिस्टरचं रीळ कडेने उजेड पाझरवतं, अ‍ॅसिटेटचं काळं दिसतं. पॉलिस्टर तुटत नाही, ही त्याची खुबी आणि तोच त्याचा धोका. फिल्म अडकली तर अ‍ॅसिटेट तुटून मशीन वाचायचं. पॉलिस्टर तुटत नाही, मशीनचे भाग वाकवतं. म्हणून टेपचा जोड इथे उलट उपयोगी: ताण आला की तो आधी सुटतो. अल्ट्रासोनिक स्प्लायसर पॉलिस्टर वितळवून असा जोड देतो की तो जवळजवळ फिल्मइतकाच पक्का. यंत्र महाग, अ‍ॅसिटेटवर निकामी, आणि आमच्या मते खेड्यातल्या मशीनसाठी नकोच. कोरड्या हवेत पॉलिस्टरवर स्थिर वीज साचून धूळ ओढली जाते, तिचं काय करायचं हा वेगळा विषय आहे.

आवाजाची पट्टी चित्र आणि छिद्रांच्या मध्ये असते, आणि चित्रापेक्षा आवाज साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असतो. त्यामुळे जोड जाताना चित्र आधी उडतं आणि ठोका पाऊण सेकंदाने ऐकू येतो. ऑपरेटर ठोक्याला जोड समजून शोधत बसतो आणि जोड तोवर गेटमधून पुढे निघून गेलेला असतो. ठोका कमी करायला जुने लोक जोडावर आवाजाच्या पट्टीवर काळ्या शाईचा छोटा त्रिकोण काढायचे. आजही चालतं, फक्त शाई कोरडी होऊ द्या. डॉल्बी डिजिटलच्या प्रिंटवर मात्र माहितीचे ठिपके छिद्रांच्या मधल्या जागेत असतात. तिथे टेपखाली धूळ अडकली तर आवाज थोडा वेळ साध्या पट्टीवर उतरतो. म्हणून टेप लावण्याआधी दोन्ही टोकं पुसायची.

अडीच तासांचा सिनेमा म्हणजे मिनिटाला ९० फुटांनी १३,५०० फूट, २,००० फुटांची सात रिळं. एका रिळाला २२ मिनिटं. प्लॅटरवर, म्हणजे सगळा सिनेमा एकत्र मावणाऱ्या आडव्या थाळीवर, सगळी रिळं एकत्र जोडायची म्हणजे निदान सहा जोड, आणि सिनेमा परत पाठवताना तेच सहा सोडायचे. ते अंधारात सापडावेत म्हणून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा टेप मिळायचा. दोन मशीनवर आळीपाळीने रिळं चालवणाऱ्यांकडे वेगळी काळजी: रिळाच्या शेवटी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या, रीळ बदलायची वेळ सांगणाऱ्या खुणा. तिथली फिल्म तुटत गेली की खुणांपैकी एक कुठल्या तरी टॉकीजच्या कचऱ्यात जाते आणि पुढचा ऑपरेटर रीळ बदलायला चुकतो. शेपटीजवळ जोड मारताना फ्रेम वाया घालवू नका.

२००५ च्या सुमारास सॅटेलाइटवरून सिनेमे येऊ लागले, २०१३ मध्ये फुजीफिल्मने सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, आणि आमच्या मागण्या आटल्या. आता येतात ते संग्रह सांभाळणारे, फिल्म सोसायट्या आणि कुठे तंबूतला जुना प्रोजेक्टर जपून ठेवणारे. संग्रहवाल्यांना आम्ही टेप कमी लावायला सांगतो. अ‍ॅसिटेटला दीर्घकाळ ठेवायचं तर नीट मारलेला सिमेंटचा जोड टिकतो. टेपचा गोंद वर्षांनी पिवळा पडून पसरतो. डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा.

स्प्लायसर दुरुस्तीला पाठवणार असाल तर नुसतं यंत्र पाठवू नका. त्याच्यावर मारलेले दोन जोड, निदान फूटभर फिल्मसह, सोबत ठेवा. एक पॉलिस्टरवरचा, एक अ‍ॅसिटेटवरचा. झाकण राहतंय का, कड कापताना टेप ओढला जातोय का, दात फिल्मला घट्ट धरतात का, हे यंत्र उघडण्याआधी त्या जोडांवरूनच कळतं.