अल्बर्टन लीग नेमकी कुठे उसवली

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण टोकाला, साउथ गिप्सलँडमध्ये, अल्बर्टन फुटबॉल नेटबॉल लीगचा शेवटचा मोसम 2019 मध्ये झाला. ‘गावं ओस पडली, पोरं शहरात गेली’ एवढ्यावर तिचा विषय संपवला जातो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. फिश क्रीक, फॉस्टर, तुरा, टार्विन, स्टोनी क्रीक आणि मीनियन-डंबॉक युनायटेड हे सहा क्लब शेवटपर्यंत उभे होते. क्लब जिवंत असताना लीग मेली, आणि हेच समजून घेण्यासारखं आहे.

मुळात ऑस्ट्रेलियन रूल्सला, म्हणजे तिथल्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलला, माणसं फार लागतात. मैदानावर 18, बदली 4, म्हणजे पहिल्या संघाला 22. तेवढेच रिझर्व्ह, म्हणजे क्लबाच्या दुसऱ्या, संघाला. म्हणजे दर शनिवारी 44 प्रौढ खेळाडू हवेत, शिवाय मुलांचे संघ आणि त्याच दिवशी शेजारच्या कोर्टवर महिलांचे नेटबॉल (बास्केटबॉलसारखा खेळ) संघ. पहिल्या संघातले पाच जण जखमी झाले की पाच जण रिझर्व्हमधून वर जातात आणि खालचा संघ 18 च्याही खाली येतो. मग सकाळीच खेळून दमलेल्यांना दुपारी पुन्हा उतरवायचं, नाहीतर वॉकओव्हर द्यायचा. वॉकओव्हरचा फटका यजमानांनाही बसतो: गेटचे, कँटीनचे आणि बारचे पैसे बुडतात, त्यावरच तर क्लब चालतो.

हा सगळा दुधाचा पट्टा. ऑस्ट्रेलियात 1980 च्या सुमारास 22,000 च्या आसपास दुग्धशेती फार्म होते. 2020 पर्यंत ते साधारण 5,000 वर आले. 1 जुलै 2000 ला दुधाच्या भावावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि लहान फार्म मोठ्यांत विलीन होण्याचा वेग वाढला. गाई पाळणारी घरं कमी झाली. क्लबांनी एकत्र येऊन तग धरला. कोरमबरा-बेना हे नाव त्यातूनच आलं. एका क्लबाच्या नावात तर डेव्हन, वेल्शपूल, वॉन रॉन आणि वूडसाइड अशी चार गावं होती.

पण लीग मोडली ती दुसऱ्याच कारणाने. 1990 च्या दशकाच्या मध्यात पश्चिमेकडची बास व्हॅली-वॉनथॅगी लीग बंद पडली आणि तिचे काही क्लब अल्बर्टनमध्ये आले. लीग मोठी झाली, पण तिचे दोन भाग एकजीव झाले नाहीत. पश्चिमेला फिलिप आयलंड, इनव्हरलॉक अशी किनाऱ्यावरची, मेलबर्नच्या जवळची, वाढती गावं. पूर्वेला तुरा, फॉस्टरसारखी आकसत चाललेली. फिलिप आयलंडहून तुराला जायचं तर एका बाजूने शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास.

2016 च्या मोसमानंतर फिलिप आयलंड, इनव्हरलॉक-काँगवॉक, डॅलिस्टन, किलकुंडा-बास आणि कोरमबरा-बेना नव्या वेस्ट गिप्सलँड लीगमध्ये गेले. जिथे शिवण होती तिथेच लीग उसवली. या पाचांना दोष देणं मला पटत नाही. प्रत्येक क्लबाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला. चूक आखणीची होती: मागे राहणाऱ्यांचं काय, हे आधी ठरायला हवं होतं.

सहा संघांत प्रत्येकाशी दोनदा खेळलं तर 10 च फेऱ्या होतात. तीनदा खेळलं तर 15, पण तेच पाच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा. त्यातून चार संघ बाद फेरीत घ्यायचे म्हटलं तर दोनच बाहेर राहतात, म्हणजे साखळी सामन्यांना धारच उरत नाही. एक संघ दुबळा निघाला की त्याच्याशी तीनदा एकतर्फी सामना. खेळाडूंच्या गुणांची मर्यादा 2016 पासून लागू होती: घरच्या खेळाडूला 1 गुण, वरच्या लीगमधून आणलेल्याला 6 पर्यंत, आणि संघाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत. त्यामुळे पैशाच्या जोरावर संघ उभारण्याला लगाम बसला, हे चांगलंच झालं. पण मुळात संघच सहा असतील तर हा नियम तरी काय करणार?

शेवटी सहाही क्लबांनी स्ट्रेझलेकी डोंगरापलीकडच्या मिड गिप्सलँड लीगचा रस्ता धरला, जिथे मिर्बू नॉर्थ, यिनार, बूलारा, थॉर्पडेल हे क्लब होते. 2020 चा मोसम कोविडमुळे झालाच नाही. 2021 मध्ये ते एकत्र उतरले, पण तो मोसमही अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचला नाही.