पहिली जोडी कोणती

स्कीची जोडी टेबलावर ठेवली आणि मी आधी रुंदी मोजायचा कॅलिपर लावला. कंबरेला, म्हणजे बुटाखालच्या सगळ्यात अरुंद भागाला, ११६ मिलिमीटर. लांबी १७२ सेंटिमीटर. पुढचं टोक लांबूनच वर उचललेलं, मागचंही थोडं. ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगण्यासाठी बनवलेली पावडर स्की. घेऊन आलेली मुलगी कोर्स करून आलेली, अजून एकही जोडी स्वतःची नाही.

"हीच माझी पहिली जोडी, दादा. बाइंडिंग बसवून द्या." बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडलं की सोडणारा खटका.

साताऱ्यात स्कीचं काम येतं याचं लोकांना नवल वाटतं. माझं रोजचं काम दोर, हार्नेस आणि तंबूंचं. पण पुण्याकडची, कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी हिवाळ्यात गुलमर्ग-औलीला जातात, त्यातल्या काहींनी स्वतःच्या स्की घेतल्या आहेत, आणि बाइंडिंग बसवणारं जवळपास कुणी नाही. हिवाळ्यात काही दिवस एका गटाच्या स्की सांभाळायला मी स्वतः गुलमर्गला असतो. इथे बाकीचं वर्ष जातं ते गंजाशी झगडण्यात. मेणाचा जाड थर कडा झाकेपर्यंत दिला नाही, तर आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर पोलादी कडा तांबूस झालेल्या सापडतात.

मुलीबरोबर तिचे वडील होते. अपशिंग्याकडचे, फौजेतून निवृत्त, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकलेले. ते स्टुलावर बसून मुकाट्याने ऐकत होते.

मी तिला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. व्हिडिओत दिसतो तसा बर्फ रोज नसतो. बर्फ पडतो तेव्हा बहुतेक वेळा वाराही असतो, आणि वाऱ्यात गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, दुसरा टप्पा, कोंगडोरीहून वर अफरवाट डोंगराकडे जाणारा, बंद ठेवतात. तो उघडला की पहिल्या दिवशी मांडीएवढा मऊ बर्फ, पुढच्या दिवसांत सगळा तुडवलेला, आणि मग ऊन-थंडीने वर कडक पापुद्रा. २०२४ चंच बघा. जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गच्या कुरणावर माती दिसत होती. फेब्रुवारीत इतका पडला की २२ तारखेला हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. एकाच हंगामात ही दोन टोकं. एकच जोडी घ्यायची तर ती मधली घ्यावी, ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या बर्फांवर चालणारी: कंबर ९५ ते १०० मिलिमीटर, बुटाखाली कॅम्बर, म्हणजे कमानीसारखा उचललेला बाक, टोकाला थोडा रॉकर, म्हणजे वर वळलेला बाक. कडक बर्फात कड धरते आणि गुडघ्याखालच्या ताज्या बर्फातही निभावते. पावडरची जोडी दुसरी.

शिवाय तिचा उजवा गुडघा कॉलेजात कबड्डी खेळताना दुखावलेला. स्की रुंद असली की कड पायाच्या रेषेपासून लांब जाते. कडक बर्फावर ती कडेवर उभी करायची तर तो पीळ घोट्याने आणि गुडघ्याने सोसायचा असतो. मऊ बर्फात हा प्रश्न येत नाही, तिथे स्की कडेवर नाही, सगळ्या तळावर पेलली जाते. लोक मला फक्त रुंदीचा आकडा विचारतात, कडकपणा कुणी विचारत नाही. ११६ चीच एखादी स्की आत टायटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पत्रा घेऊन येते आणि कडक बर्फावरही बऱ्यापैकी स्थिर राहते. ही मात्र हलकी होती, बिनपत्र्याची, पुढून निमुळती होत गेलेली. कडक उतारावर हिचं टोक थडथडणार हे हातात धरूनच कळत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मधली जोडी तिथे भाड्याने मिळते, दादा. रुंद जोड्या मोजक्या असतात, बर्फ पडायच्या आदल्या रात्रीच जातात. मग विकत कुठली घ्यायची? मिळते ती, की मिळत नाही ती?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिचं गणित बरोबर होतं.

तेवढ्यात वडील बोलले. "आम्हाला रुंदी कुणी इचारली न्हाई, मालक. दिली ती पायात घातली अन् निघालो. पाठीवर वझं, अन् बारीक स्की बर्फात पार खाली जायची. एकदा पडलं की उठताना मांड्या भरून यायच्या. हिला रुंदच राहू द्या." चिखलात फळी टाकून चालावं तसं रुंद स्कीचं असतं, हे ज्याने बिनफळीचा चिखल तुडवलाय त्याला जास्त पटतं.

मी काम घेतलं. वाद संपला नव्हता, पण जोडी तिची होती आणि बाइंडिंग नीट बसवणं माझ्या हातात होतं.

जोडी पुण्यात कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. जुनं बाइंडिंग काढलं तर त्याखाली त्याच्याही आधीची भोकं, आणि ती नळदुरुस्तीच्या पुट्टीने बुजवलेली. हे पाहिलं की माझा संताप होतो. स्कीच्या पोटात लाकूड असतं. पुट्टी थंडीत तडकते, फटीतून वितळलेलं पाणी आत जातं, लाकूड फुगतं, कुजतं, आणि एक दिवस उतारावर बाइंडिंग स्क्रूसकट उपटून हातात येतं. ज्याने ते केलं त्याला त्या स्कीवर कुणाचा तरी पाय असणार आहे याची पर्वा नव्हती. पुट्टी उकरली, भोकं कोरडी केली, गुटके ठोकून इपॉक्सीने बंद केली आणि एक रात्र तशीच ठेवली.

मग मोजमाप. कंपनीच्या खुणेवर बाइंडिंग ठेवलं तर दोन नवी भोकं जुन्यांवर अर्धी चढत होती. दोन भोकांत निदान सेंटिमीटरभर अंतर हवं, नाहीतर स्क्रूला धरायला लाकूड उरत नाही. म्हणून बाइंडिंग एक सेंटिमीटर मागे घेतलं. पावडरच्या स्कीवर हे चालतं, टोक वर राहायला मदतच होते. पुढे घेतलं असतं तर टोक बुडलं असतं. पत्रा नसल्यामुळे ड्रिलचं बिट ३.६ मिलिमीटरचं. पत्रा असता तर ४.१. खोली ९ मिलिमीटर, जास्त गेलात तर तळातून बाहेर. भोक सरळ पडावं म्हणून ड्रिलला धरणारा साचा, माझा जिग, इथल्याच एमआयडीसीतल्या एका टर्नरने बनवून दिलाय, आणि परदेशी जिगच्या तोडीचा आहे असं मी अभिमानाने सांगतो.

बाइंडिंगचे ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर बर्फात रुतून स्की थांबवणारे दांडे, १०० मिलिमीटर रुंदीचे निघाले. ते ११६ च्या स्कीवरून खाली उतरतच नाहीत, म्हणजे बूट सुटला की स्की उतारावर मोकाट धावणार, खाली जो असेल त्याच्या अंगावर. १२० चे ब्रेक मनालीच्या ओळखीच्या माणसाकडून मागवले. तिच्या नव्या बुटांचे तळवे ग्रिपवॉकचे, म्हणजे चालायला सोपे, वळणदार, बाइंडिंग मात्र फक्त जुन्या सपाट अल्पाइन तळव्याचं. बुटाचे तळवे बदलता येणारे होते, ते बदलले. शेवटी वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत बघून तक्त्यातून सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा तो, काढला. मित्राने सांगितला म्हणून आकडा वाढवून मागणारे येतात. मी वाढवत नाही.

ती जोडी घेऊन गेली त्या रात्री तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर मला सापडलं. भाड्याच्या स्कीच्या कडा बहुतेक बोथट असतात, तळ कोरडा असतो, गर्दीत बाइंडिंगचा आकडा अंदाजाने लावलेला असतो. मऊ बर्फात बोथट कड खपून जाते. कडक बर्फात खपत नाही. ज्या दिवशी कडेवर गुडघा अवलंबून असतो, नेमक्या त्याच दिवसाची जोडी ती दुसऱ्याच्या हातची वापरणार होती. मी सकाळीच फोन केला.

ती म्हणाली, "मग कडा मी घासते. शिकवा." वडिलांना घेऊन परत आली. बाजूची कड ८८ अंशात धरणारा गाइड, एक कानस आणि हिऱ्याची पट्टी तिला दिली, हात बसेपर्यंत माझ्याच एका जुन्या जोडीवर घासायला लावलं. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याचा शोध लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं घेतल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावरून बाहेरच्या उतारावर जायचं नाही हे वडिलांनीच तिच्याकडून कबूल करून घेतलं.

फेब्रुवारीत ती गेली. सुरुवातीचे दिवस वारा, वरचा टप्पा बंद, भाड्याच्या स्कीवर कोंगडोरीच्या खालीच. रोज संध्याकाळी हॉटेलात कडा घासत बसायची, फोटो पाठवायची, मी कोन तपासायचो. मग बर्फ पडला, आकाश उघडलं, आणि ११६ वर तिने अफरवाटचे उतार केले. गुडघा सुजला नाही.

आता तिला क्विव्हर, म्हणजे वेगवेगळ्या बर्फासाठीच्या जोड्यांचा संच, पुरा करायचाय, दुसरी जोडी घ्यायचीय, आणि माझं जुनं उत्तर इथे चालत नाही. पहिली जोडी ९८ ची असती तर दुसरी ११६ ची सांगून मी मोकळा झालो असतो. पहिलीच ११६ असल्यावर ९८ ची गरज उरते का? खोल बर्फाचं काम ११६ करते, म्हणजे दुसरी खाली सरकायला हवी, ८८ ते ९२, कडक आणि तुडवलेल्या बर्फासाठी. गुडघ्याच्या दृष्टीने तेच बरं. पण पावडरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतारावर बर्फाचे फुटके ढिगारे असतात, तिथे ८८ अडकते आणि ११६ थकवते. तो दिवस गुलमर्गला वारंवार येतो. ८८ आणि ९६, दोन्हींचे कडकपणाचे तपशील मी मागवलेत. वडील ९६ म्हणतात, मी अजून ८८ कडे झुकलोय. ती दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे.