निंबोळी अर्क, तिसरी खेप: अळ्या मेल्या नाहीत, पण पानं वाचली

आधीच्या दोन खेपा का फुकट गेल्या ते आता कळलं. पहिल्या वेळी अर्क लवकर उतरावा म्हणून निंबोळीची भरड उकळली. दुसऱ्या वेळी फवारणी सकाळी, चढत्या उन्हात केली. निंबोळीचा मुख्य जोर ॲझाडिरॅक्टिन या कीड रोखणाऱ्या घटकात असतो आणि त्याला ना उकळणं सोसत, ना ऊन.

या वेळी ५० ग्रॅम भरड फडक्यात पुरचुंडी बांधून १ लिटर साध्या पाण्यात सकाळी भिजवली. १२ तासांनी पाणी दुधाळ होईपर्यंत पिळली, दुहेरी फडक्यातून गाळली (नाहीतर नोझल हमखास तुंबतं), त्यात चिमूटभर साबणचुरा. सूर्य मावळल्यावर फवारलं, तेही पानांच्या खालून.

टोमॅटोच्या एका पानाखाली स्पोडोप्टेरा या पतंगाचा (याच्या अळ्या पानं खातात) अंडीपुंज नुकताच फुटला होता. अळ्या जेमतेम २-३ मिलिमीटरच्या, पान खरवडून जाळीदार केलेलं. जाळीच्या कडेने पेनाने ठिपके काढून ठेवले.

दुसरा दिवस: अळ्या सगळ्या जिवंत. पण जाळी ठिपक्यांच्या बाहेर गेलेली नाही! मेलेल्या अळ्या मोजत बसलो असतो तर हे दिसलंच नसतं.

पाचवा दिवस: भिंगाखाली एक अळी बघितली. कात अर्धवट निघून शेपटाशी गोळा झालेली आणि डोक्याचं जुनं कवच नव्या तोंडावर तसंच चिकटलेलं. कात टाकायला एक्डायसोन हे संप्रेरक लागतं, त्याचंच गणित ॲझाडिरॅक्टिन बिघडवतं. वाचलं होतं अनेकदा, डोळ्यांनी आज पाहिलं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळं फस्त केलं आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, तिथून या अभ्यासाला जोर आला. ते आठवून अंगावर काटा आला.

शेजारच्या झाडावरच्या बोटभर अळीवर मात्र काही परिणाम नाही. एवढ्या मोठ्या अळ्या हातानेच वेचाव्यात.

कीड मारायला तंबाखूचा काढाही वापरतात, पण तो मी करणार नाही. त्यातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं. वनस्पतीचं आहे म्हणून ते निर्धोक होत नाही.

सातव्या दिवशी टोमॅटोवर दुसरी फवारणी. मिरचीवर मावा आहे, पण त्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या काळ्या-नारिंगी अळ्या शिरल्यात आणि कालपासून एका शेंड्यावरचा मावा साफ झालाय. तिथे पंप नेणार नाही.