अमळनेरच्या घरातील तुटलेली तपकिरी जोडी

घरोघरी नेटवर्कची केबल टाकण्याचे आणि तिची दुरुस्ती करण्याचे माझे काम आहे. गेल्या उन्हाळ्यात अमळनेरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला त्यांच्या नव्या घरी बोलावले, कारण वरच्या मजल्यावर नेट फार हळू चालत होते. त्यांचा मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करतो. कनेक्शन 300 एमबीपीएसचे होते, खाली हॉलमध्ये तेवढा वेग मिळतही होता; पण वरच्या खोलीत केबल थेट लॅपटॉपला लावली, तरी आकडा 94 च्या पुढे सरकत नव्हता. लॅपटॉप बदलावा लागेल, असे घरात जवळजवळ ठरलेच होते.

94 हा आकडा ऐकताच माझा संशय भिंतीतल्या केबलवर गेला. कॅट-6 या प्रकारच्या नेटवर्क केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. 100 एमबीपीएससाठी त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटसाठी, म्हणजे 1000 एमबीपीएससाठी, मात्र चारही लागतात. एखादी जोडी तुटली, की बहुतेक यंत्रे काही वेळ प्रयत्न करून स्वतःहून 100 वर उतरतात, म्हणजे प्रत्यक्षात 94 च्या आसपास, आणि काम चालू ठेवतात. नेट बंद पडत नसल्यामुळे असा बिघाड महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि म्हणूनच मला तो पूर्ण तुटलेल्या केबलपेक्षा जास्त त्रासदायक वाटतो.

केबलच्या दर तारेसाठी एक दिवा असलेला टेस्टर लावल्यावर पहिले सहा दिवे क्रमाने लागले. सातवा आणि आठवा लागला नाही. म्हणजे तपकिरी जोडी तुटलेली होती. दिव्यांचा टेस्टर जागा सांगत नाही, म्हणून लांबी मोजणारे मीटर वरच्या टोकाला जोडले. तीन जोड्यांची लांबी 19 मीटर आली आणि तपकिरी जोडीची 6. टेपने केबलच्या पाइपचा मार्ग मोजत आम्ही जिन्याच्या भिंतीशी आलो, तेव्हा नेमक्या त्याच ठिकाणी जिन्यातल्या दिव्याचा नवा स्विचबोर्ड होता आणि त्याच्या भोवतीचे प्लास्टर बाकीच्या भिंतीपेक्षा ताजे दिसत होते.

वायरिंगच्या ठेकेदाराला फोन केला, तर तो हाताखालच्या मुलाला घेऊन लगेच आला. मुलाने काही लपवले नाही. दिव्याचा पॉइंट मागाहून सांगितला गेला. त्याच्या वायरसाठी भिंतीत झिरी मारताना कटर पाइपात घुसले आणि केबलची एक बाजू कापली गेली. तपकिरी तारा तुटलेल्या दिसल्यावर त्याने त्या पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली आणि प्लास्टर करून टाकले. लाइटच्या वायरला जोड देण्याची जी रीत तो शिकला होता, तीच त्याने इथे वापरली. मला त्याचा राग आला नाही. केबल वेगळी असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ‘दादा, आते काय करानं?’ एवढेच त्याने विचारले.

प्लास्टर फोडले तेव्हा टेपखालच्या दोन्ही तारा सुटलेल्या निघाल्या. एकेरी तांब्याची ही तार अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जाड असते. नुसत्या पिळ्यावर ती टिकत नाही. मी त्या मुलाला केबलचा तुकडा सोलून दाखवला. जोडीतल्या दोन तारांतून एकमेकींच्या उलट संकेत जातात. बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्हींवर सारखाच पडतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतला फरक तेवढा घेत असल्यामुळे तो वगळला जातो. हे साधते ते पीळ असल्यामुळेच. चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेले असतात, म्हणजे एकीचा संकेत दुसरीत उतरत नाही. ग्रॅहम बेल यांनी पिळलेल्या जोडीचे पेटंट 1881 मध्ये घेतले, आणि आजची केबल त्याच तत्त्वावर चालते. म्हणून टोकाला जॅक, म्हणजे केबलचे सॉकेट, बसवतानाही पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नसतो.

जुन्या केबलला नवी बांधून संपूर्ण ओढून घ्यावी, हा माझा पहिला विचार होता, कारण बिनजोड केबलसारखे दुसरे काही नाही. फुटलेल्या पाइपात उतरलेला सिमेंटचा माल काढल्यावर वरचा 6 मीटरचा भाग सहज निघाला आणि तिथे नवी केबल गेली. खालचा भाग मात्र स्लॅबमधल्या लागोपाठच्या दोन वळणांत अडकला होता. ठेकेदार जोर लावायला तयार होता, पण मी थांबवले. अशी केबल साधारण 11 किलोपेक्षा जास्त ताणायची नसते. त्यापुढे आतला पीळच बिघडतो.

मग जोडासाठी भिंतीत वेगळी पेटी बसवायचे ठरले. दिव्याच्या बोर्डातच जागा आहे, असे ठेकेदार म्हणत होता. 230 व्होल्ट आणि नेटवर्क एका पेटीत ठेवायला मी नकार दिला आणि गुरुजींनी मला साथ दिली. पेटी कापलेल्या जागेवर न बसवता पाइपावर वीतभर खाली बसवली, त्यामुळे खालच्या केबलला जॅकपुरती लांबी मिळाली. दोन्ही टोकांच्या तारा दोन जॅकमध्ये दाबून बसवल्या आणि मध्ये छोटी पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली तयार केबल, लावली. खालच्या टोकाचा जॅक त्या मुलानेच रंगांचा क्रम पाहत बसवला, आणि तो पहिल्याच वेळी बरोबर निघाला. पेटीला स्क्रूचे झाकण आहे आणि तिची जागा गुरुजींनी मेनबोर्डच्या दाराच्या आत लिहून ठेवली आहे.

आठही दिवे लागले, लॅपटॉपवर गिगाबिट दिसले आणि वरच्या खोलीतही पूर्ण वेग मिळू लागला. शेजारच्या पाइपातून अंगणातल्या कॅमेऱ्याची केबल जात होती. तिच्यातून कॅमेऱ्याला वीजही पुरवली जाते, म्हणून तीही तपासली. तिच्या आवरणावर फक्त ओरखडा होता, आठही तारा शाबूत होत्या.

निघताना ठेकेदाराने सांगितले, की धरणगाव रस्त्यावरच्या आणखी एका घरात याच मुलाने झिरी मारली आहे आणि तिथले प्लास्टर अजून व्हायचे आहे. मी त्याला ते थांबवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्टर घेऊन तिकडे गेलो.